चित्रकथाकारावर विकिपीडियात पान व्हावं का? ठरवायची रीत

एखाद्या व्यंगचित्रकाराचं काम लहानपणापासून आवडतं, विकिपीडियात शोधलं तर त्याच्यावर पान नाही, मग आज रात्रीच बसून लिहून टाकू. अशा उत्साहात केलेली पानं बऱ्याचदा आठवड्याभरात वगळली जातात आणि लिहिणारा वैतागून पुन्हा फिरकत नाही. वगळणाऱ्याला खडूस ठरवणं सोपं असतं. पण बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने एक प्रश्न आधी विचारलेला नसतो: या चित्रकाराशी कसलंही देणंघेणं नसलेल्या किती जणांनी, जबाबदार ठिकाणी, त्याच्याविषयी सविस्तर लिहिलं आहे? चित्रं किती सुंदर आहेत, वाचक किती आहेत, इन्स्टाग्रामवर किती लाख लोक मागे आहेत, यातलं काहीच या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

मराठी विकिपीडियावर याला ‘उल्लेखनीयता’ म्हणतात. शब्द जरा घोटाळ्याचा आहे, कारण तो सन्मानासारखा ऐकू येतो. ‘उल्लेखनीय नाही’ असा शेरा आला की चित्रकाराला सुमार ठरवलं असं वाटतं. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की इतरांनी लिहिलेल्या मजकुरावरून विश्वासार्ह चरित्रलेख उभा राहील इतकं साहित्य सापडलेलं नाही. विकिपीडियावर स्वतःचं संशोधन चालत नाही, म्हणून दुसऱ्यांनी लिहिलेलं नसेल तर लेखात घालायला काही उरतच नाही. नियमाचं मूळ तिथे आहे.

खालची रीत मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाच्या निकषांवर बेतली आहे, कारण तिथे ते सर्वांत तपशिलात लिहिलेले आहेत आणि काटेकोरपणे लावले जातात. प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापले नियम ठरवतो. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर सक्रिय मंडळी थोडी, त्यामुळे कच्चं पान तिथे जास्त दिवस निभावून जातं. पण या चाळणीतून गेलेलं पान दोन्हीकडे टिकतं, आणि एका ठिकाणी पान आहे हा दुसऱ्या ठिकाणी पुरावा धरला जात नाही.

आधी दावा एका वाक्यात लिहा

शोधाशोध करण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: ‘अमुक हे अमक्या कामासाठी ओळखले जातात.’ ‘चाळीस वर्षं रेखाटत आहेत’ हा दावा नाही. ‘असंख्य दिवाळी अंकांत चित्रं आली’ हाही नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढल्यापासून अशी माणसं शेकड्यांनी झाली. दावा म्हणजे एखादं पात्र, एखादी दीर्घ मालिका, एखादी शैली, एखादं गाजलेलं पुस्तक, ज्याचं नाव घेतल्यावर अनोळखी वाचकालाही ‘बरं, मग वाचू’ असं वाटेल.

चित्रकथेत हे वाक्य लिहितानाच बहुतेकांची फसगत होते, कारण काम अनेक हातांतून गेलेलं असतं. कथा एकाची, पेन्सिल दुसऱ्याची, शाई तिसऱ्याची, रंग आणि अक्षरं आणखी कुणाची. ‘बहादूर’ हे इंद्रजाल कॉमिक्समधलं १९७६चं पात्र घ्या. लेखन आबिद सुरती यांचं, चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. ‘बहादूरचे जनक’ असं सरसकट लिहिलंत की कुणीतरी विचारणारच, जनक म्हणजे नेमकं काय केलं? अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्र कथेतही तसंच आहे: ‘कृष्ण’ या अंकाची चित्रं राम वाईरकरांची, पण मालिकेच्या यशाचं श्रेय बहुतेक लेखांत संपादकाच्या नावावर जमा असतं. दुसरं टोक म्हणजे व्यंगचित्रकार प्राण. १९७१ साली आलेले चाचा चौधरी त्यांनीच कल्पिले, त्यांनीच रेखाटले आणि वर त्यांचं नाव ठळक छापलं जायचं. दावा लिहिताना तुमचा माणूस या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो, ते आधी ठरवा.

वाक्य लिहिता येत नसेल तर थांबा. इंग्रजी विकिपीडियावर, या व्यक्तीने विशेष काय केलं याचा दावाच पानात नसेल तर ते कसल्याही चर्चेविना लगेच वगळता येतं.

शोध: नाव एक, स्पेलिंगं सात

या टप्प्याला किमान दोन-तीन बैठका द्या. ‘गूगल केलं, काही नाही मिळालं’ हा शोध मराठी चित्रकारांच्या बाबतीत कवडीमोलाचा आहे.

सुरुवात नावापासून. राम वाईरकरांचं आडनाव रोमन लिपीत ‘डब्ल्यू, ए’नंतर दोन ‘ई’ घालून छापलं जातं. उच्चारावरून सरळ स्पेलिंग टाकून शोधलंत तर ती सगळी पुस्तकं निसटतात. प्रताप मुळीक यांचं आडनाव शेवटी ‘सी-के’ लावून येतं आणि देवनागरीत कधी मुळीक, कधी मुलिक असं. गोविंद ब्राह्मणिया मुखपृष्ठांवर ‘बी. गोविंद’ होते. मारिओ मिरांडा सही नुसती ‘मारिओ’ करायचे. शि. द. फडणीस हे ‘एस. डी.’ म्हणूनही सापडतात आणि आडनावात ‘पी-एच’च्या जागी ‘एफ’ घालूनही. चित्रकाराच्या नावाचे निदान पाच पर्याय कागदावर मांडा: पूर्ण नाव, आद्याक्षरं, सहीतलं नाव, रोमन लिपीतली दोन-तीन रूपं. मग प्रत्येकाबरोबर एकेक शब्द जोडून शोधा: ‘व्यंगचित्रकार’, ‘हास्यचित्रकार’, ‘चित्रकथा’, पात्राचं नाव, मासिकाचं नाव, गावाचं नाव.

दुसरी अडचण फाँटची. युनिकोड ही सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत रुळण्याआधी मराठी वृत्तपत्रांच्या वेबसाइटी आपापल्या फाँटांत चालायच्या. त्या काळातला मजकूर जाळ्यावर कुठे उरलाच असेल तर शोधयंत्राला तो ‘मराठी’ म्हणून दिसत नाही. श्रीलिपी या जुन्या फाँटपद्धतीत जुळवलेल्या पीडीएफचंही तेच. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतं, पण अक्षरं उचलून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरांची खिचडी पडते. तेव्हा विसाव्या शतकाची शेवटची दोन-तीन दशकं आणि त्यानंतरची काही वर्षं हा काळ कागदावरच शोधायचा असतो, आणि आपले बरेचसे चित्रकथाकार नेमके त्याच काळातले.

कागद कुठे? दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, आणि तुमच्या जिल्ह्यातलं जुनं ‘अ’ वर्ग ग्रंथालय. जाताना ‘यांच्यावर काही आहे का’ एवढाच प्रश्न घेऊन जाऊ नका, ग्रंथपालाला तरी ते कसं ठाऊक असणार? तारखा घेऊन जा: गाजलेलं पुस्तक कधी आलं, प्रदर्शन कधी भरलं, पुरस्कार कधी मिळाला, निधन कधी झालं. त्या तारखेच्या पुढच्या तीन आठवड्यांच्या रविवार पुरवण्या चाळा. परीक्षणं आणि मृत्युलेख तिथेच असतात.

सापडलेल्या प्रत्येक कात्रणाचा फोटो काढताना पानाचा वरचा भागही चौकटीत घ्या. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि लेखकाचं नाव या पाच गोष्टी नसतील तर संदर्भ देता येत नाही. आवृत्ती विसरली जाते, आणि मग पुण्याच्या अंकातला लेख मुंबईच्या अंकात शोधणारा तपासनीस ‘असं काही नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून जातो. ऑनलाइन दुवा असेल तर लगेच जुनी वेबपानं जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करून ठेवा. ई-पेपरचे दुवे मरतातच. आणि हो, छापील मराठी संदर्भ इंग्रजी विकिपीडियावर पूर्णपणे चालतो. संदर्भ इंग्रजीतच हवा किंवा ऑनलाइनच हवा हा गैरसमज आहे. कुणी विचारलं तर मूळ ओळ आणि तिचं भाषांतर द्यायची तयारी मात्र ठेवावी.

चाळणी

आता ढीग जमला. प्रत्येक कागदाला चार प्रश्न विचारा. लिहिणारा चित्रकारापासून स्वतंत्र आहे का? छापणाऱ्या ठिकाणी संपादकीय तपासणी होते का? मजकूर चित्रकाराविषयी सविस्तर आहे का? आणि लिहिणाऱ्याने स्वतः काही मांडणी, विश्लेषण केलं आहे, की चित्रकाराचंच म्हणणं उतरवून दिलं आहे? चारही उत्तरं ‘हो’ असतील तरच तो कागद गणतीत. तीन ‘हो’ आणि एक ‘नाही’ म्हणजे पाऊण गुण मिळत नाही, शून्य मिळतो. असा कागद लेखात एखाद्या तपशिलासाठी वापरता येतो, पान असावं की नसावं हे ठरवायला नाही.

सविस्तर म्हणजे किती? ठोकळ अंदाज असा: त्या मजकुरातून फक्त चित्रकाराविषयीची चार-पाच स्वतंत्र वाक्यं तुमच्या शब्दांत लिहिता आली पाहिजेत. ‘या वेळी व्यंगचित्रकार अमुक, तमुक व ढमुक उपस्थित होते’ यातून एकही निघत नाही.

स्वतंत्रपणात सगळ्यात जास्त घसरायला होतं. वृत्तपत्रात नोकरी केलेल्या व्यंगचित्रकारावर त्याच वृत्तपत्राने लिहिलेलं गौरवपर पान स्वतंत्र नाही, ते मालकाने नोकराविषयी लिहिलेलं आहे. आर. के. लक्ष्मण यांच्यासारख्यांना याचा फरक पडत नाही. टाइम्सने लिहिलेलं सगळं बाजूला काढलं तरी १९८४चा मॅगसेसे पुरस्कार, २००५चं पद्मविभूषण आणि बाहेरच्यांनी केलेलं भरपूर लेखन उरतं. पण जिल्हा दैनिकात तीस वर्षं रोजचं पॉकेट कार्टून काढणाऱ्याच्या बाबतीत हीच वजाबाकी केली की कधीकधी हाती काहीच राहत नाही. प्रकाशकाचं कॅटलॉग, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय, मित्राने लिहिलेली प्रस्तावना, अमृतमहोत्सवाची स्मरणिका, गौरवग्रंथ, साहित्य संमेलनाच्या पत्रिकेतला पाहुण्यांचा परिचय, हे सगळं याच खात्यात जातं. गौरवग्रंथाबद्दल लोक फार हुज्जत घालतात. चारशे पानं असली तरी तो समितीने गौरव करण्यासाठीच काढलेला असतो.

मुलाखत हा अर्धवट प्रकार. उत्तरं म्हणजे चित्रकाराचं स्वतःविषयीचं निवेदन, ते मोजायचं नाही. पण मुलाखतकाराने सुरुवातीला स्वतःच्या अभ्यासातून दोन-तीन परिच्छेदांचा परिचय लिहिला असेल, शैलीचं विश्लेषण केलं असेल, तर तेवढा भाग मोजता येतो. यूट्यूबवरच्या गप्पांमध्ये असा भाग क्वचितच सापडतो.

वृत्तपत्रांत आणखी एक गोम आहे. आपल्याकडची चांगली नावाजलेली वृत्तपत्रंही पैसे घेऊन आलेला मजकूर बातम्यांच्या रांगेत छापतात, आणि इंग्रजी विकिपीडियावर भारतीय वृत्तपत्रांविषयी तशी इशारावजा नोंदच आहे. ओळखायच्या खुणा सांगता येतात: लेखकाचं नाव नाही किंवा नावाच्या जागी ‘ब्रँड’, ‘मीडिया’ असलं काही; मजकुरात एकही प्रतिकूल शब्द नाही; शेवटी पुस्तक विकत घ्यायचा पत्ता; आणि तीच वाक्यं दुसऱ्या तीन ठिकाणी जशीच्या तशी. ही शेवटची खूण पक्की. संशय आला की मजकुरातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा. वृत्तसंस्थेची एक बातमी पाच पेपरांत आली तरी तो संदर्भ एकच.

चित्रकथांच्या खास संदर्भस्थळांविषयीही दोन शब्द. ग्रँड कॉमिक्स डेटाबेस स्वयंसेवक भरतात. कुठल्या अंकात कुणाचं काम याचा माग काढायला फार उपयोगी, पण उल्लेखनीयतेसाठी त्याचं वजन शून्य. अॅमस्टरडॅममधल्या लांबीक या १९६८पासूनच्या कॉमिक्सच्या दुकानाने १९९९मध्ये जाळ्यावर आणलेला कॉमिक्लोपीडिया हा चित्रकथाकारांचा कोश वेगळा आहे. तो दुकानाशी संबंधित जाणकार लिहितात. तरी त्यावर एकट्यावर विसंबू नका, त्यातल्या नोंदीवरून मूळ लेख शोधा. अभ्यासपत्रिकांत ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॉमिक आर्ट’ जरूर पाहा. आशियाई व्यंगचित्रकारांवर तिथे गंभीर लेखन झालेलं आहे.

एक ढीग जवळून पाहू

समजा, एक चित्रकार आहे. १९८०नंतर त्याने पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रकथांची पन्नासेक पुस्तकं रेखाटली, एक विनोदी मालिका पंधरा वर्षं चालवली. हयात आहे. तुमच्यासमोर नऊ गोष्टी आहेत.

त्याची वेबसाइट: बाद. प्रकाशकाच्या साइटवरचं परिचयाचं पान: बाद. स्वयंसेवी डेटाबेसमधली ४६ पुस्तकांची यादी: बाद, पण पुस्तकांची नावं मिळाली, तेवढ्यासाठी जवळ ठेवा. ‘जीवनगौरव’ पुरस्काराच्या तीन बातम्या, तिन्हींत ‘आपल्या कुंचल्याने रसिकांच्या मनावर अधिराज्य गाजवणाऱ्या’ हे शब्द: संयोजकांची एकच प्रेसनोट, बाद. ज्या दिवाळी अंकात त्याची चित्रं वीस वर्षं येतात त्याच अंकातली मुलाखत: संबंध जवळचा, उत्तरं त्याचीच, बाद. चाळीस मिनिटांचा यूट्यूब व्हिडिओ: बाद.

सहा गेली. उरल्या तीन. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत, ज्या दैनिकात त्याने कधी काम केलं नाही, नऊशे शब्दांचा नावानिशी लेख. त्यात त्याच्या चौकटींच्या मांडणीची आणि युद्धप्रसंगांच्या रेखाटनाची चर्चा. धरा. विद्यापीठीय प्रकाशनाच्या, भारतीय चित्रकथांवरच्या पुस्तकात त्याच्यावर दोन पानं, शिवाय तळटिपांत चार उल्लेख. धरा, पण उल्लेखांसकट एकच. त्याच्या प्रदर्शनाची एका कलासमीक्षकाने इंग्रजी साप्ताहिकात केलेली समीक्षा. धरा.

तीन भक्कम, तीन वेगळ्या हातांचे, तीन वेगळ्या वर्षांचे. पान करा. पान वगळावं का या चर्चेच्या वेळीही विकिपीडियावरचे अनुभवी संपादक ‘तुमचे सर्वांत चांगले तीन संदर्भ दाखवा’ असंच म्हणतात. तिथे सतरा दुवे ओतणारा माणूस संशय ओढवून घेतो, कारण चौदा फुसके पाहता पाहता वाचणारा तीन खऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

आता यातलं पुस्तक आणि समीक्षा काढून घ्या. उरतो तो एकटा रविवारचा लेख. लेख कितीही सुंदर असो, एकाच संदर्भावर चरित्र उभं करायचं म्हणजे एका माणसाच्या मताची नक्कल करायची. इथे स्वतंत्र पान नको.

कलावंतांसाठीची वेगळी दारं

सर्वसाधारण चाळणीतून माणूस काठावर अडकला तर इंग्रजी विकिपीडियाचे सर्जनशील व्यावसायिकांसाठीचे निकष पाहा. समकालीन वा नंतरचे कलावंत त्याला महत्त्वाचा मानतात का, त्याचा दाखला देतात का? त्याने काही नवं तंत्र वा नवी कल्पना रुजवली का? एखाद्या सुप्रसिद्ध कृतीच्या वा मालिकेच्या निर्मितीत त्याचा मोठा वाटा आहे का, आणि त्या कृतीवर स्वतंत्र परीक्षणं आहेत का? त्याचं काम महत्त्वाच्या प्रदर्शनात मोठ्या प्रमाणावर होतं का, त्याला समीक्षकांचं भरीव लक्ष मिळालं का, अनेक नावाजलेल्या संग्रहालयांच्या कायम संग्रहात ते आहे का, किंवा ते स्मारकच होऊन बसलं आहे का?

हे वाचून प्रत्येकाला वाटतं की आपला चित्रकार यातल्या एकात तरी बसतो. थांबा. हे दुसऱ्या कुणीतरी छापून म्हटलेलं असावं लागतं. ‘शब्दांविना हास्यचित्राला प्रतिष्ठा दिली’ हे फडणिसांविषयी तुम्हाला कितीही पटलं, गणिताच्या पाठ्यपुस्तकांतली त्यांची चित्रं तुमच्या अख्ख्या पिढीने पाहिली असली, तरी लेखात ते जाणार समीक्षकाच्या हवाल्याने. कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवर मारिओंची चित्रं आहेत; भिंतीचा फोटो हा पुरावा नाही, त्या भिंतींवर कुणी लिहिलं तर तो पुरावा. पुण्यात सिंबायोसिसच्या आवारात लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनचा पुतळा उभा राहिला, अशी गोष्ट मात्र स्मारकाच्या निकषाशी थेट भिडते, आणि तिच्या बातम्याही सहज मिळतात.

चित्रकथाकारांसाठी यातला तिसरा निकष सर्वांत कामाचा आणि सर्वांत भांडणाचा. कृतीवर परीक्षणं भरपूर असतात, पण ती कथेवर बोलतात. चित्रांना शेवटी अर्धं वाक्य. अशा वेळी निदान दोन-तीन परीक्षणं अशी शोधा ज्यांत चित्रांवर एखादा तरी परिच्छेद आहे. पेन्सिल-चित्रकार आणि एकट्याने सगळं करणारा यांचा वाटा सहज दाखवता येतो. निव्वळ अक्षरलेखन वा रंगकाम करणाऱ्यासाठी हे दार अरुंद आहे. अन्याय्य असेल, पण आहे.

पुरस्कारांचं तारतम्य. पद्म, मॅगसेसे यांवर वाद होत नाही. कॉमिक्सच्या जगात १९८८पासून दिले जाणारे आयस्नर पुरस्कार तसेच. मुंबईचे आनंद राधाकृष्णन यांना ‘ब्लू इन ग्रीन’ या चित्रकादंबरीच्या चित्रांसाठी २०२१चा आयस्नर मिळाला तो जॉन पीअरसन यांच्याबरोबर विभागून. अशी नोंद करताना दुसरं नाव गाळू नका, गाळलेलं पकडलं जातं आणि मग बाकीच्या मजकुरावरही शंका घेतली जाते. स्थानिक ‘रत्न’, ‘भूषण’, ‘जीवनगौरव’ यांची कसोटी सोपी: संयोजकांच्या पत्रकाबाहेर या पुरस्काराविषयी कुणी काही लिहितं का? व्यावसायिक संघटनेने दिलेला पुरस्कार लेखात जरूर नोंदवा, पण त्याच संघटनेचा पदाधिकारी राहिलेल्याला मिळालेला असेल तर त्यावर पानाचा भार टाकू नका.

नात्यागोत्याने काही मिळत नाही. मंगेश तेंडुलकर विजय तेंडुलकरांचे भाऊ, पण त्यांच्यावरचं पान उभं राहील ते त्यांच्या व्यंगचित्रांवर आणि पुण्यातल्या वाहतूक-जागृतीच्या कामावर इतरांनी लिहिलेल्या मजकुरावर. गाजलेल्या चित्रकाराचा शिष्य, नामवंत मालिकेत सहायक, यांचंही तसंच.

वेबकॉमिकवाल्यांच्या बाबतीत तारखा बघा. एखादं चित्र व्हायरल झालं, त्या आठवड्यात अकरा ठिकाणी बातमी, पुढे वर्षभर शुकशुकाट, असं दिसलं तर ती एका घटनेची प्रसिद्धी. वर्षभर थांबा. दुसरं पुस्तक, दुसरी समीक्षा आली तर तेव्हा करा.

साहित्य अपुरं पडलं तर

पान नाही म्हणजे माहिती वाया गेली असं समजू नका. मालिकेवर, पात्रावर, मासिकावर किंवा प्रकाशनसंस्थेवर पान असेल तर तिथे चित्रकारावर संदर्भासहित परिच्छेद घाला आणि चित्रकाराच्या नावाने तिकडे पुनर्निर्देशन लावा, म्हणजे ते नाव शोधणारा आपोआप त्या पानावर पोचेल. शोधणाऱ्याला नाव टाकल्यावर काहीतरी मिळतं आणि उद्या साहित्य जमलं तर तेच पुनर्निर्देशन उघडून लेख करता येतो. ज्या चित्रकारांचं नाव पुस्तकावर छापलंच जायचं नाही, त्यांच्यासाठी ही वाट उत्तम. मालिकेवर पान नसेल तर आधी तेच करा. चित्रकारापेक्षा मालिकेवर लिहिलेलं जास्त सापडतं, असा साधारण अनुभव.

विकिपीडियाचा भाऊबंद असलेल्या विकिडेटा या माहितीसाठ्यात नोंद करण्याची अट बरीच सैल आहे: व्यक्ती नेमकी ओळखता यावी आणि गंभीर, सार्वजनिक संदर्भात तिची नोंद असावी. ग्रंथालयांच्या नामसूचीतला क्रमांक असेल तर काम होतं.

पान करायचं ठरलं तर

थेट मुख्य नामविश्वात, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या लेखांच्या भागात, उडी घेऊ नका. मराठी विकिपीडियावर आपल्या धूळपाटीत, म्हणजे सरावासाठीच्या कच्च्या पानावर, लिहा. इंग्रजीवर नव्या खात्याला चार दिवस आणि दहा संपादनं पूर्ण होईपर्यंत थेट पान करताच येत नाही. तोवर मसुदा करून तपासणीला पाठवा. पहिल्या दोन वाक्यांत तो सुरुवातीचा दावा यावा आणि त्याला तीनपैकी सर्वांत भक्कम संदर्भ जोडलेला असावा. तपासणारा बऱ्याचदा तेवढंच वाचतो. ‘सिद्धहस्त’, ‘ख्यातनाम’, ‘अवलिया’, ‘कुंचल्याचा जादूगार’ ही विशेषणं काढा. कात्रणांतून ती नकळत आत शिरतात. पुस्तकांची संपूर्ण यादी देऊ नका, ज्यांवर कुणी लिहिलं आहे अशी आठ-दहा पुरेत.

हयात व्यक्तीबाबत जास्त जपून. एकही संदर्भ नसलेलं हयात व्यक्तीचं चरित्र इंग्रजी विकिपीडियावर सात दिवसांच्या मुदतीने वगळायला टाकलं जातं. जन्मतारीख, घरचा पत्ता, मुलांची नावं तुम्हाला ओळखीतून माहीत असली तरी लिहू नका.

तुम्ही त्याचे नातेवाईक, शिष्य, प्रकाशक असाल तर आपल्या सदस्य पानावर आणि लेखाच्या चर्चा पानावर तसं स्पष्ट लिहा आणि मसुदा दुसऱ्याला तपासू द्या. पैसे घेऊन लिहीत असाल तर ते जाहीर करणं विकिमीडियाच्या वापरअटींनुसार सक्तीचं आहे. लपवलेलं नातं फार काळ लपत नाही: घरच्या अल्बमातला फोटो ‘स्वतःची निर्मिती’ म्हणून कॉमन्स या विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहात चढवला की तिथेच बिंग फुटतं.

चित्रांचं म्हणाल तर, कात्रणातलं किंवा पुस्तकातलं व्यंगचित्र स्कॅन करून कॉमन्सवर टाकता येत नाही. भारतात स्वामित्वहक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, आणि ती वर्षं पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजतात. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांची चित्रं २०३१ संपेपर्यंत हक्काखाली आहेत. चित्रकाराचा फोटो हवा असेल तर एखाद्या जाहीर कार्यक्रमात स्वतः काढलेला, मुक्त परवान्याखाली दिलेला, सगळ्यात निर्धोक.

वगळण्याची चर्चा लागली तर

इंग्रजीवर ती साधारण सात दिवस चालते आणि मतं मोजून निकाल लागत नाही. समाजमाध्यमांवर आवाहन करून पंचवीस चाहत्यांना ‘ठेवा, ठेवा’ म्हणायला बोलावलं की ती नवी खाती वेगळी काढून ठेवली जातात आणि बाजू आणखी कमकुवत दिसते. ‘हे महाराष्ट्राचं भूषण आहे’, ‘अमक्यावर पान आहे मग यांच्यावर का नाही’ हे मुद्दे कुणी विचारातच घेत नाही. एकच नोंद करा: तीन संदर्भ, प्रत्येकाचं ठिकाण, तारीख, पान, लेखक, शब्दसंख्येचा अंदाज आणि त्यात चित्रकाराविषयी काय म्हटलं आहे त्याची दोन ओळींत भाषांतरित गोळाबेरीज. छापील असेल तर कात्रणाचा फोटो मागेल त्याला पाठवायची तयारी दाखवा. उघड्यावर चढवू नका, त्यालाही स्वामित्वहक्क आहे. इतर भाषेतले संपादक मराठी वाचू शकत नाहीत, त्यामुळे ही गोळाबेरीज तुम्ही दिली नाहीत तर दुसरं कुणीच देणार नाही.

निकाल विरोधात गेला तर पान पुनर्निर्देशनात बदलावं किंवा मसुद्यात हलवावं अशी विनंती करा, ती बऱ्याचदा मान्य होते. मसुद्याला सहा महिने कुणी हात लावला नाही तर तोही वगळला जातो, म्हणून मजकुराची एक प्रत आणि कात्रणांची फाइल आपल्या संगणकात ठेवा आणि पुढच्या दिवाळी अंकांच्या हंगामानंतर पुन्हा एकदा वाचनालयात चक्कर टाका.